घाटातला गुळगुळीत रस्ता पुन्हा खरखरीत कसा करायचा

नाशिकहून मुंबईकडे उतरताना कसारा घाटात ब्रेक सतत लागतो. अशा वळणांवर आधी पोत, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, मोजा. रस्ता कोरडा असताना झाडून घ्या, 25 मिली बारीक कोरडी वाळू ओता आणि रबर लावलेल्या चकतीने गोल पसरवत न्या. वर्तुळाचा व्यास 20 सेंमी भरला तर पृष्ठभागावरच्या खाचांची सरासरी खोली सुमारे 0.8 मिमी. 30 भरला तर जेमतेम 0.35, म्हणजे टायरखालच्या पाण्याला पळायला जागाच नाही.

मग दोष ओळखा. काळे चकचकीत पट्टे म्हणजे डांबर वर आलंय. त्यावर आणखी डांबर मारणं हा शुद्ध वेडेपणा. गरम केलेली कच (बारीक खडी) टाकून रोलर फिरवा.

खडी दिसते पण हाताला गुळगुळीत लागते? मग ती घासली गेलीय. खड्डे-भेगा आधी भरा, मग चौरस मीटरला साधारण किलोभर डांबर फवारून त्यावर लगेच 10 मिमी खडी, आठ-नऊ लिटर. काम बिघडतं ते बहुतेक इथेच: क्रशरची धूळ चिकटलेली खडी डांबर धरत नाही, आठवड्यात उडते. धुऊन, वाळवून वापरा.

सुटी खडी झाडल्याशिवाय वेगमर्यादा उठवू नका; दुचाकी तिच्यावरच घसरते. पावसाळ्यात हे काम नकोच.