भाजलेल्या पेशंटचे प्लेटलेट्स कमी आले? या चुका टाळा

रिपोर्टवर 60 हजार दिसले की लगेच प्लेटलेट्सची (रक्त गोठवणाऱ्या पेशींची) पिशवी मागवायची, ही सगळ्यात कॉमन चूक. आधी भाजून कितवा दिवस आहे ते बघा. मोठ्या बर्नमध्ये पहिल्या तीन ते पाच दिवसांत काउंट पडतोच, सलाईन भरपूर गेल्याने रक्त पातळ होतं, जखमेत प्लेटलेट्स खर्ची पडतात, मग तो आपोआप चढतो आणि दुसऱ्या आठवड्यात कित्येकदा नॉर्मलच्याही वर जातो. ब्लीडिंग नाही, ऑपरेशन नाही, तर साधारण 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत पिशवी लागत नाही. उगाच लावली तर रिॲक्शन, फुफ्फुसाला त्रास, शिवाय या पिशव्या 20 ते 24 डिग्रीला ठेवतात म्हणून त्यात जंतू वाढायचा धोका.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. आठवडा होत आला तरी काउंट चढत नाही, किंवा चढून परत पडतोय, तर सेप्सिस (इन्फेक्शनमुळे शरीरभर होणारा गंभीर बिघाड) धरून चाला. अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, पण पिशवी लावून आकडा सुधारला म्हणजे पेशंट सुधारला असं अजिबात नाही, मूळ कारण आत तसंच राहतं. ड्रेसिंग उघडून जखम नीट बघा, कल्चर (जंतू शोधायची तपासणी) पाठवा, शिरेत घातलेली लाईन किती दिवसांची आहे ते बघा, औषधांचा चार्टही वाचा. लिनेझोलिड या अँटीबायोटिकने काउंट पडतो. हेपरिन (गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते औषध) सुरू करून 5 ते 10 दिवसांनी पडला तर हेपरिनचा संशय घ्या, लाईन मोकळी ठेवायला देतात ते हेपरिनचं फ्लशसुद्धा बंद, आणि तिथे प्रॉब्लेम गुठळ्यांचा असतो म्हणून मोठं ब्लीडिंग नसेल तर प्लेटलेट्स टाळतात.

मशीनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. ट्यूबमध्ये प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या तर काउंट खोटा कमी येतो, आणि मोठ्या बर्नमध्ये फुटलेल्या लाल पेशींचे तुकडे मशीन प्लेटलेट्स म्हणून मोजतं तेव्हा खोटा जास्त येतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली, बघायला सांगा.

उलटी चूकही होते, गरज असताना थांबणं. जळालेली कातडी काढताना रक्त खूप जातं, काउंट 50 हजारांच्या खाली असेल तर पिशवी आधीच सांगून ठेवा आणि ऑपरेशनच्या अगदी आधी लावा, आदल्या रात्री नाही. वॉर्डात आली की फ्रीजमध्ये ठेवायची नाही. संपल्यावर तासाभरात काउंट परत करा, चढलाच नसेल तर दुसरी लावण्याआधी ब्लड बँकेच्या डॉक्टरांशी बोला, इन्फेक्शनमुळे होतंय की अँटीबॉडीजमुळे त्यावर पुढची पिशवी कुठली द्यायची ते ठरतं.