कार्यालयाचा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नसेल तर

घरातले मोबाइल सुरळीत चालतात, पण कार्यालयाचा लॅपटॉप मात्र वायफायला जोडला जात नाही, असे झाल्यास आधी लॅपटॉपमध्ये साठवलेले ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने टाकावा. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केल्यास कॅपिटल अक्षराची चूक लगेच दिसते. जळगावच्या आमच्या घरी नवा राउटर बसवल्यावर एवढ्याने भागले नाही, कारण राउटर केवळ डब्ल्यूपीए ३ वर चालत होता आणि २०१८ मध्ये आलेले हे सुरक्षा-मानक लॅपटॉपच्या जुन्या वायफाय कार्डाला ठाऊकच नव्हते. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ व ३ हा मिश्र पर्याय निवडताच जोडणी झाली. वैतागून पासवर्डच काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. धाब्याच्या घरांतील जाड मातीच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल क्षीण होतो; तेथे २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. वायफाय जोडूनही कार्यालयाचे काम उघडत नसेल, तर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहावा. तेथेही तीच अडचण आल्यास दोष बहुधा व्हीपीएनचा (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा लॅपटॉपचाच असतो. अशा वेळी स्वतः ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलत न बसता पडद्यावरील संदेशाचा फोटो आयटी विभागाला पाठवावा.