फवारणी पंपाची तडकलेली टाकी : या चुका टाळा

हंगाम सुरू झाला की पेट्रोलवरचे फवारणी पंप आणि ग्रास कटर यांच्या पेट्रोलच्या, तडकलेल्या प्लास्टिक टाक्या माझ्या टेबलावर येऊन पडतात. निम्म्यांवर आधीच कुणीतरी दुरुस्तीचा प्रयोग केलेला असतो.

"टाकी रिकामी आहे, काही होत नाही." हे वाक्य एकेकाळी मीही म्हणायचो. धंदा नवा, गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं. पेट्रोल ओतून टाकलं, टाकी एकदा पाण्यानं खळबळली आणि तापलेलं सोल्डरिंग तड्यावर टेकवलं. भप्प! डावी भुवई गेली, हातावरचे केस गेले आणि गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकामीत ती हवेत बेताची मिसळते. दीड ते साडेसात टक्के वाफ म्हणजे दारूगोळाच. ठिणगीच लागते असं नाही, सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानंही ती वाफ पेटू शकते. शिवाय पेट्रोल प्लास्टिकमध्ये मुरतं, धुतल्यावरही वाफ सोडत राहतं.

म्हणून आता टाकी सोडवून, झाकण-नळ्या काढून तीन-चार वेळा साबणपाण्यानं धुतो आणि उघड्यावर, सावलीत चार दिवस ठेवतो. मग तडा वर करून त्याच्या लगतपर्यंत पाणी भरतो. वाफेला जागाच ठेवायची नाही. काम अंगणातच. चार दिवस थांबायचं नसेल त्यानं नवी टाकी घ्यावी. खरं तर मिळत असेल तर सगळ्यांनीच घ्यावी.

दोन गोळे मळून लावायचा लगदा आणि झटपट गोंद: या टाक्या बहुधा एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्यावर काहीच नीट चिकटत नाही. आठवड्यात खपली निघते.

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक न पाडणं: तडा पुढे पळतो.

तडा बुजवायला भलत्या प्लास्टिकची पट्टी वितळवणं: टाकीवर 'एचडीपीई' किंवा 'पीई-एचडी' असा छाप असेल तर पट्टीही त्याचीच हवी.

कार-मोटारसायकलची प्लास्टिक टाकी: मी हात लावत नाही, बदला.

शेवटी टाकी पाण्यानं भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला तर दोन दिवस वाळवा, मगच पेट्रोल. घाई केलीत तर कार्ब्युरेटरमधलं पाणी काढायला परत माझ्याकडेच याल, आणि त्याचे पैसे मी वेगळे घेतो.