ट्रेलर आणि सायकली घेऊन निघताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की शनिवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकात उभं राहून बघा. गाडीमागे गाडी, गाडीवर सायकली, आणि हल्ली अधूनमधून कॅम्पिंगचा ट्रेलरसुद्धा. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण ट्रेलर भरायचा कसा हे काही धोरणात नसतं. दर हंगामात तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जड सामान शेपटाला लादणं. ट्रेलर भरून ७०० किलोचा झाला असेल, तर त्यातला साधारण दहा टक्के, म्हणजे ७० किलोच्या आसपास भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर, आलाच पाहिजे. (वरची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. ते पुस्तक उघडायला हरकत नाही.) आता हिशेब करा. एक माउंटन बाइक १४-१५ किलोची, चार सायकली म्हणजे ६० किलो, वर रॅकचं वजन, आणि हे सगळं ॲक्सलच्या, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या कण्याच्या, पार मागे लोंबकळणारं. हिचला अडकणारी पुढची दांडी हलकी होणारच. आणि दांडी हलकी झाली की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो.

आमच्या दाजींनी हेच केलं. भोरहून परत निघताना मागे चार सायकली टांगल्या, आत मागच्या कोपऱ्यात पाण्याचे दोन भरलेले जार. दांडी एका हाताने उचलून मला दाखवली, "बघा, किती हलका आहे!" मी म्हटलं, दाजी, हीच तर गडबड आहे. पण पोरं गाडीत बसली होती, ताई घाई करत होती. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो, तो पुणेकरांना सांगायला नको. मी मागून येत होतो. एक बस शेजारून सुसाट गेली आणि ट्रेलर हलला. आधी थोडासा, मग पूर्ण लेनभर. दाजींनी ब्रेक दाबला, तसं ट्रेलरने गाडीची मागची बाजूच ढकलायला सुरुवात केली. ताई ओरडली, "अहो, हळू!" म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबला. नशीब, डावीकडची लेन मोकळी होती. वेग उतरला तसं झुलणं थांबलं. कडेला घेतलं तेव्हा एका सायकलचं चाक डांबरावर घासून वेडंवाकडं झालेलं, आणि पोरं चिडीचूप.

तिथेच जार रिकामे केले, दोन सायकली माझ्या टपावर घेतल्या, उरलेलं जड सामान ॲक्सलच्या जरा पुढे सरकवलं. पुढे ट्रेलर शहाण्यासारखा आला.

झुलायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा, ब्रेकला हात लावू नका, म्हणजे पाय लावू नका. आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्यापासून अंतर ठेवतो. माझी सवय अशी: आदल्या रात्री ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, चाकांना दगड लावायचे, दांडीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याखाली बाथरूममधला वजनकाटा, म्हणजे हिचवर किती भार येतो ते कळतं. दहा मिनिटांचं काम आहे. रील बघायला तेवढा वेळ असतोच की.

मुक्कामी पोचल्यावर आधी डावं-उजवं पातळीत आणा, जे चाक खाली असेल त्याच्याखाली फळी. मग चाकांना अडण लावा, आणि मगच गाडी सोडवा. कोपऱ्यातले पाय ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाहीत.

भातखाचरात ट्रेलर लावू नका. मालक म्हणेल, "काय होत नाय, लावा बिनधास्त." रात्री एक सर आली की सकाळी बाहेर काढायला ट्रॅक्टर त्याचाच असतो. मुरमाची जागा बघा.

दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवू नका, कोळशाची तर मुळीच नाही. धरणाच्या फुगवट्यात पोहायला उतरू नका. यावर चर्चा नाही.

आता सायकली. निघताना कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टायर दगडासारखे टणक करून घेतात, आणि मग खडकाळ वाटेवर पोरगं टप्पे खात घसरतं. २.२ इंची टायरला, ट्यूब असेल तर मोठ्या माणसाला ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरतं, तीसेक किलोच्या पोराला २० सुद्धा. हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या.

बाभळीचा काटा लागला की बहुतेक जण ट्यूब बदलतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसतात, कारण काटा टायरमध्येच असतो. बाहेरून मोडलेला, आतून मिलिमीटरभर डोकावणारा. टायरच्या आतून सगळीकडे फडकं फिरवा, अडकेल तिथे काटा. पक्कडीने बाहेर ओढा, मग नवी ट्यूब. घाई करणाऱ्यांना मी माझी जादा ट्यूब देत नाही, सरळ फडकं देतो.

डिस्क ब्रेकची सायकल चाक काढून गाडीत टाकलीत तर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला. पोरं वाटेत लिव्हर दाबतात, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचा) ब्रेक असेल तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग चाक बसत नाही.

रॅकमुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातायत का ते बघा. सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येतंय का, तेही.

परतताना रविवारी जेवण उरकलं की लगेच निघा. चारनंतर निघालात तर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला सगळं पुणं भेटतं, आणि त्या गर्दीत ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली तर मला फोन करू नका.