‘आंटी, ये रेसिस्ट है’ असं कुणी तोंडावर म्हटलं तर

कर्वेनगरला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी मुलींना कॉट बेसिसवर जागा देते. 2010 पासून. तीन खोल्या, सात कॉट, एक सामाईक स्वयंपाकघर. दोन वर्षांपूर्वी जुलैत, एका रविवारी दुपारी, दिमापूरहून शिकायला आलेल्या मुलीने मला चारचौघींत रेसिस्ट म्हटलं. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत मी जे केलं ते तुम्ही करू नका. पुढच्या पंधरा दिवसांत जे केलं त्यातलं बरंचसं करा. त्यासाठीच लिहिते आहे.

पाऊस लागून राहिला होता, खिडक्या बंद होत्या, आणि जिन्यातच उग्र वास आला. वर गेले तर ती ओट्याशी उभी राहून बटाट्याच्या रश्श्यात अखुनी घालत होती. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. नागालँडमध्ये ते आपल्याकडच्या सुकटीसारखं घरोघरी लागतं. मी दारातूनच म्हणाले, “बेटा, बंद करो ये. तुम लोगों का ये सब इधर नहीं चलेगा. इधर अच्छे घर के लोग रहते हैं.” तिने गॅस बंद केला. डाव मोरीत ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, “आंटी, वो जब जवळा भूनती है तब आप बोलते हो खिड़की खोलो. मेरे को बोलते हो बंद करो. ये रेसिस्ट है.” जवळा भाजणारी रत्नागिरीची मुलगी तिथेच लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

माझं पहिलं वाक्य होतं, “मी? माझ्याकडे सगळ्या जातिधर्माच्या मुली राहून गेल्यात!”

ती खिडकीबद्दल बोलत होती आणि मी माझ्या चारित्र्याबद्दल बोलायला लागले. बोलणं तुटतं ते इथेच. म्हणून तोंडातून बाहेर पडू पाहणारी काही वाक्यं ओळखून ठेवा आणि ती गिळा. “माझा तसा हेतू नव्हता.” “तू फारच मनाला लावून घेतेस.” “मी तुला मुलीसारखी मानते.” “आम्ही आपसातही असंच बोलतो.” एकाही वाक्यात समोरच्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीला उत्तर नाही. त्याऐवजी एवढंच विचारा: “मी नेमकं काय बोलले, काय केलं, ते मला परत सांगशील?” आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका. कान तापलेले असतील, छाती धडधडत असेल, तर स्पष्ट म्हणा, “आत्ता मला नीट ऐकू येणार नाही. मी संध्याकाळी सातला वर येते.” पण मग सातला जायचंच. न गेलात तर ती पळवाट झाली.

हेतूबद्दल थोडं अधिक. माझी भाची वकिली करते. तिच्याकडे मी तक्रार घेऊन गेले होते की हा शब्द मला कसा लागू होतो. वर्णद्वेष आपण दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत वाचलेला. तिने मला संयुक्त राष्ट्रांचा वांशिक भेदभावाविरुद्धचा 1965 चा करार उघडून दाखवला. भारताने 1968 साली तो मान्य केला आहे. त्यातल्या व्याख्येत नुसता रंग नाही. वंश आहे, कूळ आहे, उगमही आहे. आणि भेदभाव ठरवताना ‘हेतू किंवा परिणाम’ असं म्हटलं आहे. किंवा. ते ‘किंवा’ वाचून मी गप्प झाले. माझा हेतू वासाचा असेल, पण गॅस एकीचाच बंद झाला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते एकटीने करायचं आहे. जो आरोप झाला तो खरा की खोटा हे मनाला विचारू नका. मन आपल्याच बाजूने साक्ष देतं. कुठेतरी लिहिलेलं असेल तिथे बघा. ऑफिसात असाल तर कुणाला कोणती शिफ्ट दिली ते बघा, दुकान असेल तर कुणाला उधारी दिली ते बघा, सोसायटीच्या कमिटीवर असाल तर कुणाला नोटीस काढली ते. माझ्याकडे वही होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी डिपॉझिटचं पान काढलं. सातारा, 6,000. रत्नागिरी, 6,000. नागपूर, 6,000. जम्मू, 6,000. दिमापूर, 12,000. इंफाळ, 12,000. माझ्याच अक्षरात. मी स्वतःला म्हणाले, लांबच्या मुली आहेत, न सांगता गेल्या तर कुठे शोधायचं. पण जम्मूची मुलगी झेलम एक्सप्रेसने दोन रात्री प्रवास करून येते, आणि तिच्याकडून मी एकाच महिन्याचं घेतलं होतं.

मग जुनी वही काढली, कारण हा नियम कधी सुरू झाला ते मला आठवत होतं. 2012 च्या ऑगस्टमध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर मोबाइलवर अफवा पसरल्या होत्या. पुण्यातही ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली होती. पुण्याहून, बंगळुरूहून माणसं मिळेल त्या गाडीने घरी निघाली होती. माझ्याकडच्या मणिपूरच्या दोघी एकेक बॅग घेऊन रात्रीच्या रिक्षाने स्टेशनवर गेल्या. गाद्या, बादल्या, पुस्तकं वरच राहिली. वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं: ‘नोटीस न देता गेल्या. डिपॉझिट 2,500 प्रत्येकी, परत नाही.’ आणि पुढच्या वर्षीपासून त्या बाजूच्या मुलींना दुप्पट.

जिवाच्या भीतीने पळालेल्या मुलींची मी भाडेकरू म्हणून चूक काढली होती, आणि तिची वसुली दहा वर्षं दुसऱ्याच मुलींकडून करत होते. वास ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट निघाली. त्या दोघींचे जुने नंबर मी लावून पाहिले. लागले नाहीत. ते पैसे मला आता परत करता येत नाहीत.

माफी कशी मागायची? अपमान ज्यांच्यासमोर झाला त्यांच्यासमोरच, आणि थोडक्यात. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” असं अजिबात नको. त्यात चूक तिच्या वाटण्याची होते. मी चौथ्या दिवशी संध्याकाळी वर गेले, सगळ्या स्वयंपाकघरात होत्या. म्हणाले, “उस दिन मैंने ‘तुम लोग’ बोला, और तेरा गैस बंद कराया. जवळे के लिए एक नियम और तेरे लिए दूसरा, ये गलत था. डिपॉझिट भी मैंने तुम दोनों से डबल लिया, वो भी गलत था.” आणि दोघींना 6,000 रुपयांची पाकिटं दिली. तिने नोटा मोजल्या. “ठीक है आंटी,” म्हणाली. एवढंच. इंफाळची मुलगी काहीच बोलली नाही.

इथे थांबता आलं पाहिजे. “मग आता राग गेला ना?” हे विचारू नका. तुम्हाला मोकळं वाटावं ही जबाबदारी तिची नाही. दुसऱ्या मुलींना मध्यस्थ म्हणून पाठवू नका. आणि एकाएकी गोडही होऊ नका. आषाढ होता, मी कापण्या तळल्या होत्या; तिच्यासाठी वेगळा डबा भरून जिन्यापर्यंत गेलेही. पहिल्या पायरीवर लक्षात आलं की डबा दिला की तिला हसून थँक्यू म्हणावं लागेल. परत फिरले. दरवर्षीसारख्या सगळ्यांसाठी एकाच परातीत पाठवल्या. ती माझ्याशी दिवाळीपर्यंत कामापुरतंच बोलली, आणि तो तिचा हक्क होता.

तिला “मग तूच मला शिकव” असंही म्हणू नका. वाचायला भरपूर आहे. 2014 च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया केसांवरून झालेल्या चेष्टेनंतर मार खाऊन मेला, त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. ईशान्येकडच्या मुलांना शहरांत घर मिळवण्यापासून काय काय सोसावं लागतं ते त्यातून कळतं. मला हे आधी माहीत असायला हवं होतं, 2012 मधल्या त्या दोघी माझ्याच घरातून गेल्या होत्या.

आरोप चुकीचा असला तर? तसंही होतं. गेल्या वर्षी गुवाहाटीच्या मुलीने लाइटबिलाबद्दल हाच शब्द वापरला. मी तेच केलं: ऐकून घेतलं, वही काढली. त्या खोलीला वेगळा सबमीटर आहे, रीडिंग तिच्याच रूममेटने लिहिलेलं होतं, आणि दोघींनी निम्मं-निम्मं भरलेलं होतं. मी पान तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “देख ले. शंका हो तो मीटर साथ में देखते हैं.” आम्ही मीटर पाहिला. आकडे जुळले. “अगली बार सोच के बोलना” असं काहीही मी म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर पुढच्या वेळी खरी गोष्टही तिने सांगितली नसती. जी मुलगी घरमालकिणीला तोंडावर असं विचारते, ती खोली जाण्याचा धोका पत्करून विचारते.

कॉलेजच्या समितीकडे किंवा पोलिसांत लेखी तक्रार गेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वकिलाला विचारूनच बोला, कागद जपून ठेवा, आणि तक्रार मागे घे म्हणून तिला किंवा तिच्या घरच्यांना एकही फोन करू नका.

‘रेसिस्ट’ऐवजी ‘हा जातिवाद आहे’ असं कुणी म्हणालं तरी करायचं हेच. पुण्यात खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणारे आपण सगळे आहोत. मीही विचारायचे. आता फोनवर नाव आणि कॉलेज एवढंच विचारते. आडनाव पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर येतंच, तेव्हा खोली देऊन झालेली असते.

स्वयंपाकघरात आता एक कागद आहे. वासाचं काही शिजवणार असाल तर खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, जिन्याचं दार ओढून घ्या. मराठी रत्नागिरीच्या मुलीने लिहिलं, खालचं इंग्रजी दिमापूरच्या. दोघीही आता शिकून गेल्या. यंदा जूनमध्ये ऐझॉलची मुलगी आली, तेव्हा डिपॉझिटचा आकडा घालण्याआधी मी वरची ओळ बघितली. सांगली, 7,000. खाली 7,000 लिहिले आणि तिला किल्ली दिली.