उबुंटूचं अपडेट, काळी स्क्रीन आणि ‘कार्ड गेलं’: या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या शेजारचा पोरगा सीपीयू मांडीवर घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला गेला आणि तसाच परत आला. दुकानदाराने निकाल दिलेला: ग्राफिक्स कार्ड गेलं. घडलं होतं एवढंच, की उबुंटू या लिनक्स सिस्टीमने अपडेटमध्ये नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) घेतला, रीस्टार्टनंतर लोगो आला, मग काळी स्क्रीन आणि वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

ती रेघ दिसतेय ना, मग कार्ड मेलेलं नाही! कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, नुसत्या अक्षरांचं लॉगिन आलं. सगळं फॉरमॅट करायला निघणं ही पहिली चूक. आधी ग्रबच्या (संगणक सुरू होतानाचा मेनू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल चालू करून बघा. त्यावर डेस्कटॉप आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे.

मग कोणत्या हार्डवेअरला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दाखवणारी एलएसपीसीआय ही कमांड छोट्या ‘के’सोबत (lspci -k) चालवा. ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ हवी. इथे ती नव्हतीच. पोराने एनव्हीडियाच्या साइटवरून ‘रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला होता. त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बांधलं गेलं त्या वेळच्या कर्नलसाठी. डीकेएमएस (मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी सोय) जोडलेलं नसेल तर नव्या कर्नलसाठी ते कोणी पुन्हा बांधत नाही. आणि त्याच इन्स्टॉलरने नूवो हा खुला ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे बंद करून, ठेवलेला. तेलही गेलं, तूपही गेलं. म्हणून ड्रायव्हर नेहमी डिस्ट्रोच्या (इथे उबुंटूच्या) पॅकेजमधूनच घ्या.

काळी स्क्रीन टाळायला बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय कायमचा लिहून ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात चिवट चूक. २००९ साली लिनक्स २.६.२९ मध्ये, आधी इंटेलसाठी, स्क्रीनचा मोड ठरवायचं काम कर्नलमध्ये आलं. नोमोडसेट तेच बंद करतं. स्क्रीन दिसते खरी, पण चित्र काढायचं ओझं प्रोसेसरवर पडतं. सेटिंग्जच्या अबाउट पानावर ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ (प्रोसेसरवर चित्र काढणारा ड्रायव्हर) दिसलं की समजा. दुरुस्तीपुरतं वापरा, मग काढून टाका.

एएमडीचं कार्ड नवंकोरं असेल तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज (त्यात कार्डाला लागणाऱ्या फाइल्स असतात) जुनं नाही ना, बघा. आणि हो, एचडीएमआय केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली मी तीनदा पाहिली आहे. (त्यातली एक माझीच.)

लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघायचा तर लगेच बघा. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला ‘मागचं बूट’ विचारलं की ते फक्त शेवटचंच मागचं दाखवतं; वैतागून चारदा रीस्टार्ट केलंत तर बिघडलेलं बूट शोधत मागे जावं लागतं.

रन फाइलचा ड्रायव्हर काढून आम्ही पॅकेज टाकलं. सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू होतं, म्हणून पासवर्ड विचारला गेला. पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची की मान्य करणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पोराने घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं. लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, समोर पुन्हा काळी स्क्रीन. एमओकेयूटिल या कमांडने ती की परत इम्पोर्ट केली आणि या खेपेला कीबोर्ड मी माझ्याकडे घेतला.