ब्रायरच्या पाइपची काजळी किती खरवडावी?

ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या मुळाचे टणक लाकूड. त्याचा तंबाखू ओढण्याचा पाइप पूर्ण गार झाल्याशिवाय तोंडात धरायची नळी खेचून काढू नये. गरम असताना ती खेचली की मानेला (नळी जिथे बसते त्या लाकडी दांड्याला) तडा जातो किंवा नळीची आत बसणारी खुंटी तुटते. तंबाखू ओढून झाल्यावर नळीतून पाइप क्लीनर (धाग्याने मढवलेली लवचीक तार) फिरवावा आणि पाइपला एक दिवस विसावा द्यावा. रोजचे काम एवढेच.

डोकेदुखी आहे ती तंबाखू भरायच्या भांड्यात आतून धरणाऱ्या काजळीच्या थराची. पाइप म्हणजे जणू चहाचे पातेले आहे असे समजून तो लाकूड दिसेपर्यंत घासून काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. हा थर ब्रायरला जळण्यापासून वाचवतो. मात्र तो फार जाड झाला तर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि बाहेरच्या भिंतीला चीर पडते. म्हणून साधारण एक ते दीड मिलिमीटर थर राखावा, त्याहून अधिक वाढलेला तेवढाच काढावा. टोकदार चाकू हातात घेऊच नये, कारण तो तळाशी खड्डा पाडतो आणि धूर जाण्याचे भोक वेडेवाकडे करतो. रीमर (थर खरवडण्याचे खास हत्यार) असल्यास हलका दाब देऊन फिरवावा. नसल्यास गोल काठीला बारीक सॅंडपेपर गुंडाळून तो सावकाश फिरवत राहावे. अधूनमधून पावडर झटकून उजेडात आत पाहावे आणि थर सगळीकडे सारखा दिसू लागला की तिथेच थांबावे, कारण ‘अजून थोडे’ म्हणतानाच लाकूड उघडे पडते. नव्या पाइपला आतून मध चोपडून थर लवकर धरवण्याची युक्ती मला मुळीच पटत नाही. पाइप सावकाश ओढला की थर आपोआप धरतो. मीरशॉम या मऊ, पांढऱ्या खनिजाच्या पाइपला मात्र हा नियम लागू नाही, त्यात थर धरूच देऊ नये.

मानेतील चिकट काळा राळ काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले क्लीनर, ते स्वच्छ निघेपर्यंत एकामागून एक फिरवावेत. हे काम आगीपासून दूर करावे आणि बाहेरच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नये, डाग राहतो. पुढचा दिवसभर पाइप उघडा वाळू द्यावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर पाइप डबीत कोंडला की हमखास बुरशी धरते.

एबोनाइटची (कडक रबराची) नळी उन्हाने हिरवट-तपकिरी पडते. तिला पाण्यात भिजवलेल्या अतिबारीक सॅंडपेपरने घासावे आणि पुढे पाइप खिडकीत ठेवू नये.